वस्ती रिकामी आढळली

साबळेबाई कधी रागावल्या नाहीत असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. सकाळी बारामतीच्या स्टँडवर त्या इंदापूरच्या गाडीत चढायच्या तेव्हा राग त्यांच्यासोबतच चढायचा. पायरीवर पचकन थुंकणारा, पुढच्या दाराशी विडी ओढणारा, बायकोच्या डोक्यावर बोजा देऊन स्वतः मोकळ्या हातानं चढणारा, सगळ्यांना आपापला वाटा मिळायचा. वाटेतलं जंक्शन गाव मागं पडेपर्यंत बाई जरा निवायच्या आणि इंदापूर आलं की पुन्हा तापायच्या, कारण तिथं आमचं ऑफिस होतं.

मी त्या ऑफिसात कारकून होतो. गाव वडगाव निंबाळकर, पण राहायला बारामतीत खोली घेतली होती आणि रोज बाईंचीच गाडी धरायचो. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. बाई मुख्यसेविका होत्या. म्हणजे तालुक्यातल्या पाचपंचवीस अंगणवाड्या त्यांच्या ताब्यात. पोरांची वजनं होतात का, खाऊ शिजतो का, सेविका वेळेवर येते का, हे फिरून बघायचं आणि महिनाअखेर वर कळवायचं. हुद्दा असा, की खेड्यातल्या लोकांना त्या म्हणजे सरकार वाटायच्या आणि सरकारला त्या म्हणजे खेड्यातली एक बाई वाटायची.

बुटक्या, अंगानं भरलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी, पायात जाड टाचेच्या नव्हे तर जाड तळाच्या सँडल. बारा महिने हातात काळी छत्री. ती पावसासाठी नव्हतीच, बोट दाखवायला होती. साहेबांच्या टेबलाकडंही त्या छत्रीच करायच्या.

वडील मूळचे सांगवीचे. छपन्न साली ज्यांनी धम्म घेतला त्यातले ते. पुढं साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला लागले. बाई सांगायच्या, "आमचा बाप म्हणायचा, काट्यावर बसणाऱ्यानं काट्याकडं बघावं, गाडीवाल्याच्या तोंडाकडं न्हाय." म्हणूनच की काय, पोरांच्या वजनात कुणी थोडी जरी लबाडी केली तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. सरपंचाचा नातू असो की सालगड्याची पोर, काट्याला लटकवली की बाई खाली वाकून, एक डोळा मिटून आकडा बघायच्या.

अंगणवाडीत त्या आल्या की शेजारच्या घरातून खुर्ची यायची. बाई त्या खुर्चीवर मदतनीस बाईला बसवायच्या. "बस गं. सकाळपासनं उभी हायस." ती बिचारी संकोचानं अर्धी मांडी टेकून बसायची. बाई खाली पोरांच्या रांगेत बसायच्या आणि आधी पोरांच्या खाऊतला सुकडीचा घास तोंडात टाकायच्या. कच्ची लागली तर घास तसाच तोंडात ठेवून सेविकेकडं बघत राहायच्या. सेविका म्हणायच्या, त्यापेक्षा बाईंनी शिव्या द्याव्यात.

ऑफिसात मात्र तोंड बंद राहायचं नाही. आमच्याकडं माहिती नसली की रकान्यात 'निरंक' लिहायची पद्धत. बाईंनी त्या शब्दाची शिवी केली होती. मला म्हणायच्या, "शितोळ्या, तुझ्या टाळक्यात काय हाय? निरंक!" साहेब तसे भले गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. ते म्हणायचे, "बाई, नियम काही मी केलेले नाहीत." बाई लगेच, "मग मोडायला तुमची काय हरकत?" साहेब हसायचे आणि फाईल बंद करायचे. बाईंचं सरकारविषयीचं मत ठरलेलं होतं. "सरकारला डोळे आहेत, मान नाही. समोर धरलं तेवढंच त्याला दिसतं." आणि मग आयुष्यभर त्या एकेक गोष्ट उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरत बसल्या.

सुकडीच्या पोत्यांचंच घ्या. पोती तालुक्याला यायची आणि तिथंच बसून राहायची. गावोगाव पोचवायला गाडी पाहिजे, गाडीला डिझेल पाहिजे, डिझेलला मंजुरी पाहिजे. मंजुरी येईपर्यंत पोत्यांत किडे. बाईंनी आठवडाभर आदळआपट केली आणि मग एका सकाळी छत्री आडवी धरून रस्त्यात उभ्या राहिल्या. दुधाचे टेम्पो गावांकडं रिकामे कॅन घेऊन निघतात. त्यातला एक त्यांनी थांबवला.

"कुठं चाललास?"

"लासुर्णे, आन फुडं दोन-चार वाड्या."

"रिकामाच ना? चार पोती टाक. वाटंवर अंगणवाड्या हायत."

"बाई, मालक काय म्हणंल?"

"मालकाला म्हणावं, साबळेबाईंनी टाकली. भांडायला माझ्याकडं पाठव."

मालक कुणी भांडायला आला नाही. उलट दुसऱ्या टेम्पोवाल्यांनीही पोती न्यायला सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या पोरांनी ताजी सुकडी खाल्ली. आणि मग तपासणीत मुद्दा निघाला की शासकीय माल विनापरवाना खासगी वाहनातून नेण्यात आला. बाईंना खुलासा मागितला. खुलासा मीच टाईप केला, म्हणून आठवतो. "माल नेला हे खरे आहे. माल पोचला हेही खरे आहे." त्यावर वरून काही आलं नाही, पण टेम्पो बंद करायला तोंडी सांगण्यात आलं. पोती पुन्हा तालुक्याला बसली. ये रे माझ्या मागल्या.

एकदा वरून पाहुणे आले होते. चार गाड्या. पोरांना सकाळपासून रांगेत उभं केलेलं, हातात झेंडूची फुलं, तोंडात स्वागतगीत. पाहुण्यांना उशीर झाला. बाई बाहेरून आल्या, पोरांची सुकलेली तोंडं पाहिली आणि पातेल्याचं झाकण काढलं. "आधी खाऊ दे, मग गाऊ दे." पाहुणे आले तेव्हा सगळी पोरं जमिनीवर बसून मन लावून जेवत होती आणि एकानंही मान वर केली नाही. साहेबांना घाम फुटला. एक पाहुणे म्हणाले, "शिस्त कमी वाटते." बाई म्हणाल्या, "भूक जास्त आहे."

हे सगळं हसण्यावारी जायचं. पांढरमाळाचं गेलं नाही.

पांढरमाळ ही धनगरांची वस्ती. कालव्याच्या वरच्या अंगाला, चुनखडीच्या उजाड माळावर वीसेक घरं. कालव्याखाली त्यांचेच भाऊबंद केव्हाच शेतीला लागले होते, एकाचा ट्रॅक्टर होता, दोघं बारामतीच्या एमआयडीसीत मोटारसायकलवर जायचे. या माळावरच्यांनी मात्र मेंढरं सोडली नव्हती. दिवाळी झाली की अख्खी वस्ती घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघायची, भोरच्या बाजूनं घाट उतरून कोकणात, आणि पाऊस तोंडावर आला की परत. पोरं पायी, तान्ही घोड्यावर, कोंबड्यांबरोबर.

बाई पहिल्यांदा तिथं गेल्या त्या भर पावसाळ्यात. मीही बरोबर होतो. फाट्यापासून चिखलच चिखल. बाईंनी सँडल काढून पिशवीत टाकल्या. वस्तीवर पोरं इतकी, की वजनकाटा दुपारपर्यंत हलता राहिला. सगुणा नावाची तरणी बाई आपल्या पोरीला काट्याला लावून बाजूलाच उभी होती. पोरीचं नाव बायडी, असेल चारेक वर्षांची. डोळे मोठाले, आणि तळपाय एवढ्याशा पोरीचे नव्हतेच ते, म्हाताऱ्या माणसाचे होते.

बाईंनी ते तळपाय हातात घेतले. सगुणा म्हणाली, "चालती ना बाई ती बी. आमचं काय, आमचं गेलं हिंडण्यात. हिचं पाय तरी एका जागी टिकू द्या."

"मग ठेव ना हिला इथं. म्हातारी आहे ना तुझी?"

सगुणाची सासू, धुरपदा आजी, दारात गुडघे चोळत बसली होती. ती म्हणाली, "मी राह्यला तयार हाय गं बाई. माझ्यानं कुठं घाट उतरवतोय आता? पर एकली म्हातारी माळावर पोरं घिऊन कशी राहू? हितं शाळंवानी कायतरी पायजे. कोन मास्तरीन आली-गेली, पोरं जमली, तर दिस निघतो. चार म्हाताऱ्या मिळून सगळ्यांची पोरं संबाळू की."

म्हणजे एक अंगणवाडी. एक सेविका, एक खोली, एक काटा. तेवढ्यावर वस्तीतली पोरं टिकणार होती. बाई परत येताना गाडीत गप्प होत्या, म्हणजे कामाला लागल्या होत्या.

प्रस्ताव गेला. उत्तर आलं, वस्तीत कायम राहणारी कुटुंबं असल्याचं सर्वेक्षणात दिसलं पाहिजे. चांगली गोष्ट. पण सर्वेक्षण कधी? हिवाळ्यात. का? तर पावसाळ्यात माळावर जीप जात नाही. आणि हिवाळ्यात माणसं नाहीत, ती कोकणात. जीप जाते तेव्हा माणसं नसतात आणि माणसं असतात तेव्हा जीप जात नाही. बाईंनी लिहिलं, पावसाळ्यात या, मी चालत नेते. उत्तर: सर्वेक्षण ठरलेल्या वेळापत्रकानुसारच होईल. पुन्हा लिहिलं, अंगणवाडी नाही म्हणून पोरं राहत नाहीत आणि पोरं राहत नाहीत म्हणून अंगणवाडी नाही, तर सुरुवात कुणी करायची? याला उत्तरच आलं नाही. दोन हिवाळे असे गेले. घोंगडं भिजत पडलं. बायडी दोन्ही वेळा घाट उतरून गेली आणि चढून आली.

तिसऱ्या वर्षी बाई म्हणाल्या, "शितोळ्या, रविवारी काय करतोस?" मी काही म्हणायच्या आत म्हणाल्या, "काही करत नाहीस. चल." भोरची गाडी, तिथून पुढं मिळेल त्या जीपनं, आणि मग विचारत विचारत एका भातखाचराच्या कडेला आम्हांला पांढरमाळ सापडला. मेंढरं दाटीनं बसलेली, जाळी लावलेली, तीन दगडांच्या चुली पेटलेल्या. असल्या फिरत्या तळाला ते वाडा म्हणायचे. वस्तीचा म्होरक्या बिरूतात्या, सगुणाचा सासरा, पांढरं मुंडासं, कानात बाळी. त्यानं घोंगडी अंथरली. बाई घोंगडीवर बसल्या आणि सरळ विषयाला हात घातला.

"तात्या, सर्वेक्षणाचा दिवस ठरलाय. त्या दिवशी तुम्ही सगळे पांढरमाळावर पाहिजेत. बायका-पोरं तरी द्या पाठवून, एसटीनं."

"बाया?" तात्या हसला. "बाया गेल्यावं कोकरं कोन बगनार? वाडा कोन हालवनार? आमच्यात बाई न्हाय तर वाडा उटतच न्हाय, बाई."

"मग सगळेच या."

"म्हंजी मेंढरं घिऊन? म्हागारी?" कुणीतरी मागून हसलं. तात्या हसला नाही. "अवो, घाट तोंडाला आलाय. खाली चारा हाय. म्हागारी फिरल्यावं ह्या वर्सी कोकन न्हाय. मेंढरांनी खायाचं काय?"

बाईंना ते कळत नव्हतं असं नाही. चुलीपुढं सगुणा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. सासऱ्यांसमोर मोठ्यानं बोलायची तिची रीत नव्हती, ती चुलीकडंच बघून म्हणाली, "एक साल कमी खातील मेंढरं."

तात्यानं बराच वेळ काडीनं जमीन उकरली. मग म्हणाला, "किती तारीक म्हनला?"

ते फिरले. माझा विश्वास बसत नव्हता, पण फिरले. घाटाच्या तोंडावरून अख्खा वाडा मागं, मुक्काम करत करत. सर्वेक्षणाच्या दोन दिवस आधी पांढरमाळावर पोचल्याचा निरोप आला. बाई त्या दिवशी ऑफिसात कुणावरही रागावल्या नाहीत. शिपायानं मला बाजूला घेऊन विचारलं, बाईंची तब्येत बरी आहे ना.

आता सर्वेक्षणाला बाईंनी बरोबर असायला हवं होतं. पण वरून सूचना आली की तपासणी निःपक्षपाती व्हावी, स्थानिक मुख्यसेविकेनं उपस्थित राहू नये, त्यांनी त्या दिवशी पुण्याला प्रशिक्षणाला जावं. बाई पुण्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "माणसं हजर आहेत. आता मी कशाला पाहिजे?"

निरीक्षक जीप घेऊन पांढरमाळावर गेले आणि तासाभरात परत आले. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तिथंच टेबलावर अहवाल लिहिला. वस्ती रिकामी आढळली. सर्व घरांची दारे काटेरी फांद्या लावून बंद. कायम वास्तव्याचा पुरावा नाही.

झालं होतं असं. माणसं आली होती, पण हिवाळ्यात माळावर गवताची काडी नाही. कालव्याकाठी एका शेतकऱ्यानं उसाचा खोडवा मोडून रान मोकळं केलं होतं, त्यानं खतासाठी मेंढरं बसवायला बोलावली. मेंढरं तिथं, म्हणून वाडा तिथं, म्हणून बाया-पोरंही तिथं. वस्तीपासून हाकेच्या नाही म्हटलं तरी दोन हाकांच्या अंतरावर. बायांनी त्याच सकाळी येऊन घरं सारवली, दारापुढं रांगोळ्या काढल्या, साहेब येणार म्हणून. आणि कुत्री आत शिरू नयेत म्हणून रोजच्यासारखी दाराला बाभळीची काटी लावून त्या मेंढरांकडं गेल्या. काटी लावली म्हणजे माणूस जवळच आहे, आत्ता येईल, हे त्यांच्यात लहान पोराला कळतं. व्यापारी येवो, पाहुणा येवो, सोयरीक घेऊन कुणी येवो, तो घराकडं जातच नाही, मेंढरं कुठं आहेत ते बघून तिकडं जातो. साहेबही तिकडंच येईल, हे त्यांनी धरून चाललं होतं. घरी बसून वाट बघा असं त्यांना सांगावं लागेल, हे बाईंच्याही डोक्यात आलं नाही.

बाई पुण्याहून आल्या, अहवाल वाचला. निरीक्षक अजून तालुक्यातच होते. बाईंनी त्यांना ऑफिसाच्या पायरीवर गाठलं.

"वस्ती कशी होती?"

"स्वच्छ होती हो. सारवलेली, रांगोळ्या वगैरे. पण माणूस नव्हतं."

"मग सारवली कुणी?" बाईंचा आवाज असा चढला की समोरचा पानवाला बाहेर आला. "रांगोळ्या भुतांनी काढल्या?"

"मॅडम, मी दिसलं ते लिहिलं."

"ओलं सारवण दिसलं ना? ते का नाही लिहिलंत?"

निरीक्षक म्हणाले, "त्याला रकाना नाही." ते उर्मटपणानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण ते मनापासून म्हणाले, अगदी समजावून सांगितल्यासारखे. बाई आत येऊन आपल्या जागेवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या उसाच्या रानात गेलो. तात्यानं सगळं ऐकून घेतलं. तो चिडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं होतं आणि त्यानं द्याव्यात अशी माझी इच्छाही होती. तो नुसता गोंधळला. पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिला.

"आमी तर हितंच हुतो, बाई. एवडी मेंढरं वरडत हुती. ऐकू न्हाय आली व्हय त्यास्नी?"

त्या वर्षी मेंढरं कालव्याच्या कडेनं कशीबशी जगली, कोकरं बरीच गेली. बाईंनी फेरतपासणीसाठी अर्ज केले, जिल्ह्याला खेटे घातले, एका साहेबाच्या दाराशी दिवसभर उभ्या राहिल्या. सगळ्यांचं एकच, पुढच्या वर्षी बघू. पालथ्या घड्यावर पाणी. मधल्या काळात बाईंचा आवाजही खाली आला. गाडीत कुणी विडी ओढली तर त्या तोंड फिरवून बसायच्या. खरं सांगायचं तर मला त्या शांत बाईंची भीती वाटायची.

पावसाळ्यात पांढरमाळावर फेरी झाली तेव्हा बाईंनी सगुणाला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "बायडीला माझ्याकडं ठेव. बारामतीत. दोन खोल्या आहेत, माझ्या पोरी मोठ्या झाल्यात. शाळा समोर आहे. तू येशील पावसाळ्यात, तेव्हा घेऊन जा."

सगुणा पटकन हो म्हणाली नाही. ती म्हणाली, "बाई, तुमी सरकार म्हनून आल्तासा. आता तुमच्याच घरी ठिवायची म्हन्तासा. मग बाकीच्या पोरांनी काय करायचं?"

बाई म्हणाल्या, "माझ्या हातात एवढंच उरलंय गं."

मला तेव्हा संताप आला होता, आजही येतो. एवढी खाती, एवढ्या योजना, दारोदार फिरणाऱ्या जीपगाड्या, आणि एका पोरीचे पाय टिकवायला शेवटी एका नोकरदार बाईच्या दोन खोल्या. सगुणानं पावसाळाभर विचार केला. दिवाळीच्या आधी निरोप पाठवला, घेऊन जा.

दिवाळी संपता संपता बाईंच्या बदलीचा हुकूम आला. दूरचा जिल्हा. हजर व्हायला थोडे दिवस होते. बाईंच्या मिस्टरांनी बायडीला बघायचं कबूल केलं होतं, बदली झाली तरी घर बारामतीतच राहणार होतं. वस्ती निघायची त्या सकाळी आम्ही पांढरमाळावर पोचलो. घोडी लादून तयार होती. धुरपदा आजीलाही घोड्यावर बसवलेलं, गुडघे दोरीनं खोगिराला बांधून. सगुणानं बायडीला नवं परकर-पोलकं घातलं होतं, डोक्याला तेल. हातात एक छोटं गाठोडं.

सगुणा रडली नाही. "बाईंचं ऐकायचं," एवढंच म्हणाली आणि पोरीचा हात बाईंच्या हातात देऊन वळली. तात्यानं हाळी दिली. मेंढरं हलली, त्यामागं घोडी, त्यामागं बाया. बायडी गपचूप उभी होती. मी मनात म्हटलं, जमलं.

कळप उताराला लागला तेव्हा पोरीनं हात ओढला. बाईंनी घट्ट धरला. तिनं पुन्हा ओढला. नुसती त्या धुळीकडं बघत ओढत होती, सगळं अंग मागं टाकून. बाईंनी हात धरलेला मी पाहिला आणि मग सोडलेलाही पाहिला. "जा," बाई म्हणाल्या. पोरगी अशी सुटली की पोलक्याचं बटण तुटलं. उतारावर सगुणानं मागं वळून पाहिलं, तिला कडेवर उचललं आणि थांबली नाही. कळप चालता ठेवावा लागतो.

गाठोडं आमच्यापाशीच राहिलं होतं. बाईंनी ते उचललं आणि धावत सुटल्या, त्या जाड सँडल घालून, साडीचा बोंगा हातात धरून, "अगं थांब, थांब गं," करत. मी मागं उभा राहिलो. त्यांनी गाठलं, गाठोडं घोड्यावर टाकलं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला असावा, एवढ्या लांबून नीट दिसलं नाही.

फाट्यावर आम्हांला बारामतीची गाडी मिळाली. बाई तिघांच्या बाकावर खिडकीशी बसल्या, मी कडेला. कंडक्टर आला.

"बारामती," बाई म्हणाल्या. "दोन फुल, एक हाफ."

कंडक्टरनं आमच्याकडं पाहिलं, बाकाखाली पाहिलं. "हाफ कुठाय?"

मी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"कापा."

"अवो मावशी, पर पोरगं..."

"कापा म्हणते ना!"

त्यानं तीन तिकिटं फाडली. एमआयडीसीजवळ पाळी सुटलेली माणसं चढली, गाडी खच्चून भरली. एकजण दांडीला लोंबकळत आमच्या दोघांमधल्या जागेकडं बघून म्हणाला, "मावशी, जरा सरकता का?"

"बसलंय तिथं कुणीतरी," बाई म्हणाल्या, आणि बारामती येईपर्यंत त्यांनी तिथं कुणाला बसू दिलं नाही.